उतारा आणि अणु-काटकसर : रासायनिक अभिक्रियेच्या कार्यक्षमतेचे मापन

माध्यमिक शाळेतील रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक-वह्या एकत्र मांडून पाहिल्या, तर पुष्कळदा असे आढळते की, एखादा पदार्थ तयार करण्याच्या प्रयोगात साऱ्या वर्गाचा उतारा ९२ ते ९७ टक्क्यांच्या दरम्यान आलेला आहे. एका विद्यार्थ्याचा हात स्थिर, दुसऱ्याचा थरथरणारा. एकाने मूस नीट तापविली, दुसऱ्याने घाईने उतरविली. तरी आकडे मात्र शेजारधर्म पाळतात. याचे कारण उघड आहे. कमी उतारा म्हणजे कमी गुण, अशी समजूत वर्गात रूढ झालेली असते. मग वजनावरून टक्केवारी काढण्याऐवजी टक्केवारीवरून वजन काढले जाते. प्रयोग करून विद्यार्थी जे शिकावयाचा, त्याच्या नेमके उलटे तो यातून शिकतो.

ही सवय मोडावयाची तर केवळ प्रामाणिकपणाचा उपदेश पुरत नाही. उतारा कशाचे मापन करतो आणि कशाचे करीत नाही, हे विद्यार्थ्याच्या ध्यानी यावे लागते. रासायनिक अभिक्रियेची कार्यक्षमता मोजताना वस्तुतः दोन निरनिराळे प्रश्न विचारले जातात. मिळू शकत होते त्यापैकी किती हाती आले, हा पहिला. जे घातले त्यापैकी हव्या त्या पदार्थात जाण्याजोगे मुळात किती होते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोग करणाऱ्याच्या हातावर आणि परिस्थितीवर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर समीकरण लिहिले त्याच क्षणी ठरून जाते. पाठ्यक्रमात पहिल्याचा सराव बराच होतो, दुसरा मात्र राहून जातो.

उतारा : शब्द ओळखीचा, अर्थ वेगळा

ऊस पिकविणाऱ्या भागांतील विद्यार्थ्यांना 'उतारा' हा शब्द घरीच ऐकावयास मिळतो. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली, तर साखर-उतारा ११ टक्के, असे कारखान्यात म्हणतात. येथे भागिले आहे ते उसाच्या वजनाने, आणि उसात पाणी व चोथा हेच अधिक असल्याने हा आकडा लहान दिसतो. रसायनशास्त्रातील शेकडा उतारा याहून वेगळा. तेथे प्रत्यक्ष मिळालेल्या वजनास समीकरणावरून येणाऱ्या सैद्धांतिक वजनाने भागून शंभराने गुणावयाचे असते. शब्द एकच असल्यामुळे विद्यार्थी छेदात घेतलेल्या पदार्थाचे वजन लिहून मोकळे होतात. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की, पहिल्या तासालाच कारखान्याचा उतारा आणि प्रयोगशाळेतला उतारा शेजारी शेजारी मांडून दाखविणे हिताचे ठरते.

सैद्धांतिक वजन काढताना दोन पदार्थांपैकी कोणता आधी संपतो हे पाहावे लागते व त्यावरूनच हिशेब करावा लागतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत पुरेशी आलेली असते. येथे ज्यात हा प्रश्नच उद्भवत नाही, असा एक सोपा प्रयोग घेऊ.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो तापविला असता त्याच्या दोन रेणूंपासून सोडियम कार्बोनेटचा, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा, एक रेणू तयार होतो आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड यांचा प्रत्येकी एक रेणू बाहेर पडतो. रेणुभारांचा हिशेब असा : बायकार्बोनेट ८४, त्याचे दोन रेणू १६८, कार्बोनेट १०६, पाणी १८, कार्बन डायऑक्साइड ४४, बेरीज पुन्हा १६८. म्हणून ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा घेतल्यास ५.३ ग्रॅम कार्बोनेट उरावयास हवे आणि ३.१ ग्रॅम वजन हवेत जावयास हवे.

हा प्रयोग कोणत्याही शाळेस परवडेल. चिनी मातीची मूस, तिपाई, स्पिरिटचा दिवा अथवा बन्सन ज्वालक आणि वजनकाटा एवढेच लागते. सोडा वाण्याच्या दुकानात मिळतो. रिकामी मूस प्रथम तापवून, थंड करून तिचे वजन करावे. सोडा घातल्यावर आच मंद ठेवावी, कारण वायू जोराने सुटला की भुकटी उडते. ही अभिक्रिया १०० अंश सेल्सिअसच्या आतच सुरू होत असली, तरी ती लवकर पुरी व्हावयास २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणून मूस वरून कोरडी व शांत दिसली तरी आच काढून घेऊ नये. तापविणे, थंड करणे व वजन करणे हा क्रम लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत चालवावा. गोवा व कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याच्या दिवसांत हा प्रयोग करताना मूस उघड्या हवेत थंड होऊ देऊ नये. कोरडे सोडियम कार्बोनेट हवेतील ओलावा शोषून घेते आणि वजन वाढते. मूस डेसिकेटरमध्येच थंड करावी.

आता एका विद्यार्थ्याचे उत्तर ५.६ ग्रॅम आले असे समजा. उतारा काढला तर तो १०५.७ टक्के येतो. बहुतेक वर्गांत हा आकडा पाहताच विद्यार्थी बिचकतो आणि ५.६ खोडून ५.१ लिहितो. शिक्षकाने नेमके येथेच थांबावे, कारण प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. शंभराच्या वरचा उतारा अशक्य आहे, तेव्हा मुशीत कार्बोनेटखेरीज आणखी काही शिल्लक असले पाहिजे. वजन ३.१ ग्रॅमांनी कमी व्हावयाचे, ते २.८ ग्रॅमांनीच कमी झाले. याचा अर्थ सोड्याच्या १०० भागांपैकी सुमारे ९० भागांचेच विघटन झाले. मुशीत सुमारे ४.८ ग्रॅम कार्बोनेट आणि ०.८ ग्रॅम मूळचा बायकार्बोनेट आहे. म्हणजे १०५.७ या आकड्यामागचा खरा उतारा ९० टक्के! हे निदान बरोबर की चूक, तेही पडताळता येते. मूस पुन्हा तापवून वजन घटते का ते पाहावे. सोड्याचा तेवढाच नमुना परीक्षानळीत तापवून सुटणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला व निवळी दुधाळ झाली, तर विघटन अजून चालू आहे हे डोळ्यांनी दिसते. वजन घटलेच नाही, तर ओलाव्याचा अथवा मूळ वजनातील चुकीचा संशय घ्यावा.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा असतो. समजा, विघटन असेच ९० टक्क्यांवर थांबले आणि त्याच वेळी ०.३ ग्रॅम भुकटी उडून गेली. मग मुशीत बरोबर ५.३ ग्रॅम उरेल आणि वहीत १०० टक्के उतारा झळकेल. दोन चुकांनी एकमेकींना झाकले एवढेच. ज्याने १०५.७ लिहिले व त्याचे कारण शोधले, त्याला या १०० वाल्यापेक्षा अधिक गुण मिळावयास हवेत. आणि तसे ते मिळतात हे वर्गास एकदा दिसले की, वहीतील आकडे आपोआप मोकळे होऊ लागतात.

आणखी एक गोष्ट. शाळेतील काटा दशांश ग्रॅमपर्यंतच दाखवीत असेल, तर ५.३ ग्रॅमांच्या वजनात एका दशांशाचा फरक म्हणजे जवळजवळ २ टक्के. अशा काट्यावर वजन करून उतारा ९४.३४ टक्के असा लिहिणे हा केवळ गुणाकार-भागाकाराचा दिमाख होय. ९४ लिहावे, तेही थोडे अधिकच आहे.

दुसरा प्रश्न

किनारपट्टीवर शिंपल्या भाजून चुना करण्याची पद्धत जुनी आहे. शिंपल्या म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या १०० भागांतून चुनकळीचे ५६ भाग मिळतात आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. भट्टी कितीही कुशल हाताने पेटविली, एक शिंपली कच्ची राहिली नाही आणि एक चिमूट चुना वाया गेला नाही, तरी ५६ चे ५७ होणार नाहीत. उतारा १०० टक्के. तरीही घातलेल्या मालापैकी ४४ टक्के हव्या त्या पदार्थात आलेलाच नाही. उताऱ्याच्या आकड्यात हे कोठेच दिसत नाही.

हे दाखविणारे माप अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली मांडले. त्यास मराठीत अणु-काटकसर म्हणता येईल. हव्या असलेल्या पदार्थाचा रेणुभार भागिले समीकरणातील सर्व अभिक्रियाकारकांच्या रेणुभारांची बेरीज, गुणिले शंभर, असे त्याचे सूत्र आहे. मात्र प्रत्येक रेणुभार समीकरणातील रेणूंच्या संख्येने गुणून घ्यावयाचा. चुनकळीची अणु-काटकसर ५६ टक्के. मुशीतल्या सोड्याची १०६ भागिले १६८, म्हणजे ६३ टक्के. ज्या अभिक्रियेत दोन पदार्थ मिळून एकच होतो, तिची १०० टक्के. हिशेब इतका सोपा आहे की, नववीचा विद्यार्थी तो करू शकेल; त्याला ना काटा लागतो ना दिवा.

या सोप्या हिशेबाने औषध-उद्योगातही फरक पडला. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक बनविण्याची ब्रिटनमधील बूट्स कंपनीची मूळची रीत सहा पायऱ्यांची होती व तिची अणु-काटकसर ४० टक्के होती. पुढे तीन पायऱ्यांची रीत निघाली, तिची ७७ टक्के. या रीतीचा कारखाना अमेरिकेत १९९२ साली सुरू झाला. पायऱ्या कमी झाल्याने उतारादेखील सुधारतो, हे येथे जाता जाता सांगावे. प्रत्येक पायरीचा उतारा ९० टक्के धरला तर सहा पायऱ्यांअखेर ५३ टक्के उरतात, तीन पायऱ्यांअखेर ७३.

सोड्याचे दोन कारखाने

परंतु या मापाचा खरा अर्थ कळण्यास पुन्हा सोड्याकडेच वळावे. काच, साबण व कापड या धंद्यांना सोडियम कार्बोनेट मोठ्या प्रमाणावर लागते. मिठापासून ते बनविण्याच्या दोन रीती इतिहासात एकामागून एक आल्या आणि काही काळ एकमेकींशी झगडल्या.

पहिली रीत फ्रान्समधील निकोलस लब्लां याची, १७९१ सालची. मीठ व गंधकाम्ल यांपासून सोडियम सल्फेट व हायड्रोजन क्लोराइड. मग ते सल्फेट चुनखडी व कोळसा यांबरोबर भट्टीत भाजून सोडा. एकूण हिशेबात मिठाचे दोन रेणू (११७), गंधकाम्ल (९८), चुनखडी (१००) आणि कार्बनचे दोन अणू (२४) मिळून ३३९ भाग आत जातात. सोडा १०६ भाग निघतो. अणु-काटकसर ३१ टक्के. उरलेल्या २३३ भागांत कॅल्शियम सल्फाइड ७२, कार्बन डायऑक्साइड ८८ आणि हायड्रोजन क्लोराइड ७३.

हे २३३ भाग कोठे गेले? इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सोड्याच्या कारखान्यांतून हायड्रोजन क्लोराइड धुराड्यांवाटे हवेत सोडला जाई. दमट हवेत त्याचे आम्ल होऊन झाडे व शेते करपत, लोखंड गंजे. कॅल्शियम सल्फाइडचे ढीग कारखान्यांभोवती साचत आणि पावसाने भिजले की सडक्या अंड्यांसारखा वास सोडीत. धुराडी उंच बांधण्याचा उपाय झाला. त्याने वायू दूरच्या शेतांवर पडू लागला इतकेच. अखेर १८६३ साली ब्रिटिश पार्लमेंटने अल्कली कायदा करून या वायूपैकी किमान ९५ टक्के पाण्यात शोषून घेण्याची सक्ती केली. पहिला निरीक्षक म्हणून रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. 'आम्ल-पर्जन्य' हा शब्द रूढ करणारा तो हाच. कारखान्यांचा सोड्याचा उतारा चांगला असता तरी शेतकऱ्याचे पीक वाचले नसते; सोडा जितका अधिक, तितका वायूही अधिक. उतारा आणि अणु-काटकसर ही दोन निराळी मापे आहेत हे याहून ढळढळीतपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी रीत बेल्जममधील एर्नेस्ट सॉल्व्हे याची. त्याने १८६१ साली तिचे पेटंट घेतले. मिठाच्या संपृक्त द्रावणात प्रथम अमोनिया व नंतर कार्बन डायऑक्साइड सोडला असता कमी विद्राव्य असा सोडियम बायकार्बोनेट खाली बसतो. तो गाळून तापविला की सोडा मिळतो. म्हणजे विद्यार्थ्याने मुशीत केलेली अभिक्रिया ही या कारखान्याची शेवटची पायरी होय. फरक एवढाच की, मुशीतून हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड कारखान्यात परत द्रावणात सोडला जातो. बाकीचा वायू चुनखडी भाजून मिळवितात. त्याच भट्टीतल्या चुन्याने अमोनिया सोडवून पुन्हा कामास लावतात. अमोनिया फिरत राहतो, खर्ची पडत नाही, म्हणून तो हिशेबात धरावयाचा नाही. आत जाते ते मीठ (११७) व चुनखडी (१००), एकूण २१७. बाहेर येतो सोडा १०६ व कॅल्शियम क्लोराइड १११. अणु-काटकसर ४९ टक्के.

भारतात या रीतीचा परिचित कारखाना सौराष्ट्राच्या टोकास मिठापूर येथे आहे. १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली, तेव्हा तो ओखामंडळ भाग बडोदे संस्थानात होता. मीठ समुद्राचे, चुनखडी त्याच प्रदेशातली. जागेची निवड समीकरणानेच केली म्हणावयास हरकत नाही.

सॉल्व्हे रीतीत उतारादेखील शंभर नाही. बायकार्बोनेट काही अंशी द्रावणातच राहतो आणि अभिक्रिया पूर्णत्वास जात नाही. त्यामुळे मिठाचा सुमारे पाऊण भागच सोड्याच्या कामी येतो. हे लक्षात घेऊन हिशेब पुन्हा मांडावा. ११७ भाग मीठ कामी यावे म्हणून १५६ भाग घालावे लागेल. चुनखडी वाया गेली नाही असे धरले तरी एकूण माल २५६. मग १०६ भागिले २५६, म्हणजे ४१ टक्के. येथे विद्यार्थी ४९ ला ७५ टक्क्यांनी गुणून ३७ काढतील. ते चूक आहे, कारण ७५ टक्क्यांचा उतारा केवळ मिठाचा आहे, चुनखडीचा नव्हे. हा प्रश्न परीक्षेत अवश्य घालावा; सूत्र पाठ केलेला आणि अर्थ समजलेला यांत तो लगेच फरक करतो.

अणु-काटकसरीच्या मापालाही मर्यादा आहेत. भट्टीचे इंधन, धुण्याचे पाणी, द्रावक, यांपैकी काहीच त्यात येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली दुसरे माप सुचविले : एक किलो माल बनविताना किती किलो टाकाऊ पदार्थ निघतात, ते प्रत्यक्ष मोजणे. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हा आकडा किलोमागे सुमारे ०.१ येतो, तर औषधांच्या बाबतीत २५ पासून १०० पर्यंत व त्याहूनही पुढे जातो. सोन्याच्या भावाने विकला जाणारा माल वजनाने सर्वांत उधळा ठरतो, हे पाहून विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल.

त्याहून मोठी मर्यादा 'हवा असलेला पदार्थ' या शब्दांतच दडलेली आहे. लब्लांच्या रीतीत हायड्रोजन क्लोराइड पाण्यात शोषून घेणे कायद्याने भाग पडल्यावर त्या आम्लाचे करावयाचे काय, असा प्रश्न कारखानदारांपुढे उभा राहिला. त्यापासून क्लोरिन काढून विरंजक चूर्ण बनविण्याच्या रीती १८६० च्या दशकात पुढे आल्या आणि कापडधंद्याने तो माल उचलला. आता हिशेब पाहा. सोडा १०६ आणि विकाऊ झालेले आम्ल ७३ मिळून १७९. त्यास ३३९ ने भागता ५३ टक्के. सॉल्व्हेच्या ४९ टक्क्यांहून हा आकडा वरचढ आहे! सॉल्व्हेचा सोडा स्वस्त असूनही लब्लां-कारखाने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून राहिले, ते मुख्यतः या जोडमालाच्या बळावर. समीकरणातील एक अक्षर न बदलता, एका उत्पादिताला गिऱ्हाईक मिळाल्याने अणु-काटकसर ३१ ची ५३ झाली.

सॉल्व्हे रीतीतील कॅल्शियम क्लोराइडलाही उपयोग आहेत. थंड देशांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यास व धूळ बसविण्यास ते वापरतात. परंतु जगभर सोड्याबरोबर जितके निघते तितक्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्याचे पुष्कळसे द्रावण पाण्यातच सोडून द्यावे लागते. त्याचा एक लहानसा वाटा मात्र शाळेपर्यंत पोचतो. ज्या डेसिकेटरमध्ये मूस थंड करावयास ठेवली, त्याच्या तळाशी ओलावा शोषण्यासाठी घातलेले पांढरे खडे बहुधा कॅल्शियम क्लोराइडचेच असतात. प्रयोगाच्या दिवशी ते विद्यार्थ्यांस दाखवावेत, आणि १०६ भाग सोड्यामागे ते १११ भाग निघतात हे त्यांच्याकडूनच काढवून घ्यावे.